उतार आणि पैलथड

‘तीर्थ’ हा शब्द आज पवित्र पाणी किंवा यात्रेचे ठिकाण या अर्थाने वापरला जात असला, तरी ‘तॄ’, म्हणजे ओलांडणे, पार होणे, या धातूपासून तो झाला असून जेथून नदी ओलांडता येते ती जागा, मराठीत जिला उतार म्हणतात ती, हा त्याचा जुना अर्थ आहे. पाण्यात उतरण्याची वाट किंवा पायऱ्या हा अर्थ त्याला लागूनच येतो आणि पावित्र्याचा अर्थ या दोहोंच्या पाठीमागून. जैन परंपरेत मुक्तीची वाट दाखविणाऱ्याला ‘तीर्थंकर’, म्हणजे उतार करून देणारा, असे म्हटले जाते तेही याच अर्थावरून. मग गोदावरीच्या काठी शंखतीर्थ, राहेर, बासर अशी जी क्षेत्रे नांदेड जिल्ह्यात आणि त्याच्या सीमेपलीकडे वसली आहेत, त्यांचे पावित्र्य पाण्याचे आहे, जागेचे आहे, की ओलांडण्याच्या कृतीचे आहे, हा प्रश्न केवळ व्युत्पत्तीचा राहत नाही. धर्माबादच्या परिसरात, जेथे नदी महाराष्ट्र सोडून तेलंगणात शिरते आणि गंगथडीची मराठी तेलुगूत मिसळू लागते, तेथे तो अधिकच जवळचा होतो. (गोदावरीला येथे नुसते ‘गंगा’ म्हणतात आणि तिच्या काठच्या मुलखाला गंगथडी.)

‘तॄ’ या एका धातूवर मराठीने केवढा संसार थाटला आहे हे पाहण्यासारखे आहे. वरून खाली येणारा तो अवतार, पार नेणारी होडी ते तारू, पार नेणारा तो तारक, आणि नदी उतरून जाणारा तो उतारू. हा शेवटचा शब्द नदीकाठ सोडून कधीच रेल्वेच्या फलाटावर आणि एसटीच्या बातम्यांत जाऊन बसला आहे, आणि ज्याने जन्मात होडीत पाय ठेवला नाही तोही आज उतारूच असतो. कर्ज काढताना शेतकरी जमिनीचे जे ‘तारण’ देतो त्या शब्दातही बुडण्याची भीती आणि तरण्याची आशा दोन्ही आहेत, जरी बँकेतील कारकुनाला त्याची आठवण नसली तरी. ‘नाव’ या शब्दाची गंमत तर आणखी निराळी आहे: होडी ती नाव आणि नाम ते ‘नांव’ असा फरक पूर्वी लेखनात एका अनुस्वाराने राखला जात असे, मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी तो अनुस्वार गेला आणि दोन्ही शब्द कागदावर एकरूप झाले. भवनदी नामानेच तरता येते असे मानणाऱ्या वारकरी परंपरेने हे ऐक्य त्याआधी सहा-सातशे वर्षे गृहीत धरलेलेच होते.

मुक्ती म्हणजे पलीकडे जाणे ही कल्पना अशी भाषेच्या मुळाशी जाऊन बसली, याचे एक कारण दख्खनच्या भूगोलात शोधता येते. गोदावरी त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावून १,४६५ किलोमीटर वाहत समुद्राला मिळत असली, तरी मराठवाड्यात ती कधी वाहतुकीचा रस्ता झाली नाही. तिचे पात्र पुष्कळ ठिकाणी काळ्या खडकाचे, मध्येच डोहाचे आणि मध्येच खळाळाचे आहे, आणि धरणांच्या आधीच्या काळात ती आषाढापासून आश्विनापर्यंत दुथडी भरून वाहत असे व उन्हाळ्यात डोह आणि वाळू एवढीच उरत असे. पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवाशाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रव्यापाराच्या वर्णनग्रंथात पैठण आणि तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर, या बाजारपेठांचा उल्लेख आहे, आणि तेथील माल भडोचच्या बंदरात कसा येई तर रस्ते नसलेल्या विस्तीर्ण प्रदेशातून गाड्यांवर लादून. पैठण हे सातवाहनांचे नगर प्रत्यक्ष गोदावरीच्या काठावर आहे, व्यापार भरभराटीचा आहे, आणि तरीही माल बैलाच्या खांद्यावर जातो. पुढे एकोणिसाव्या शतकात, दौलेश्वरमचा बंधारा १८५२ मध्ये पुरा करणाऱ्या आर्थर कॉटन या इंग्रज अभियंत्याने वर्धा आणि प्राणहिता यांच्या वाटेने गोदावरी जलवाहतुकीला खुली करून वऱ्हाड-नागपूरकडचा कापूस समुद्राकडे नेण्याचा बेत पुढे रेटला, परंतु पात्रातील खडकांचे तीन मोठे अडसर फोडता-वळवता बराच पैसा खर्ची पडला आणि १८७१ च्या सुमारास ते काम सोडून द्यावे लागले. लोखंडी रूळ तोवर देशात शिरले होते; शतकाच्या शेवटी हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे धर्माबादवरून गेली, आणि तिच्या नावात जरी गोदावरी असली तरी या रेल्वेला नदीशी जे काम होते ते बासरजवळ तिला ओलांडण्यापुरतेच होते.

मध्ययुगीन युरोपात परिस्थिती याच्या उलट होती. तेथे पाऊस वर्षभर वाटून पडतो आणि आल्प्सचे बर्फ उन्हाळ्यात वितळते, त्यामुळे ऱ्हाईन, डॅन्यूब, ऱ्होन, सीन, थेम्स या नद्या बारमाही वाहत्या, आणि ज्या काळी रस्ते चिखलाचे व असुरक्षित होते त्या काळी या नद्याच राजमार्ग होत्या. प्रवाहाबरोबर जाताना होडी किंवा लाकडाचे ओंडके बांधून केलेला तराफा सोडून दिला की पाणीच त्याला नेई, आणि मुक्कामी पोहोचल्यावर तराफा मोडून त्याचे लाकूडही विकले जाई. उलट प्रवाहाविरुद्ध येताना माणसे किंवा घोडे काठावरच्या पायवाटेने चालत दोराने होडी ओढीत, आणि जाताना काही दिवसांचे असलेले अंतर परतताना काही आठवड्यांचे होई. रस्ता म्हटला की नाके आले. ऱ्हाईनवर बाराव्या शतकाच्या अखेरीस सुमारे १९ असलेले जकातीचे नाके चौदाव्या शतकाच्या अखेरीस साठांच्या वर गेले होते, आणि या लुबाडणुकीविरुद्ध १२५४ मध्ये ऱ्हाईनकाठच्या शहरांना एकजूट करावी लागली होती. इंग्लंडच्या राजाकडून सरदारांनी १२१५ मध्ये जी सनद, मॅग्ना कार्टा, लिहून घेतली, तिच्यात थेम्स, मेडवे आणि देशातील इतर नद्यांत मासे पकडण्यासाठी घातलेले आडवे बांध काढून टाकण्याचे एक कलम आहे, कारण त्यांनी होड्यांची वाट अडत असे. तिसऱ्या धर्मयुद्धासाठी सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा मे ११८९ मध्ये रेगेन्सबुर्गहून निघाला तो डॅन्यूबमधून होडीने, आणि वर्षभराने, १० जून ११९० रोजी, आशिया मायनरमधील सालेफ नावाच्या तुलनेने लहान नदीत बुडून मेला. ती ओलांडताना बुडाला की स्नान करताना, यावर इतिवृत्तकारांचे एकमत नाही. मोठ्या नदीने सुखरूप नेलेल्या सम्राटाला लहान नदी उतरता आली नाही एवढे मात्र खरे.

येथवर आल्यावर एक सोपे उत्तर हाताशी येते, ते असे की ज्यांची नदी रस्ता होती त्यांच्या धर्मविचारात जीवन हा प्रवास झाला आणि ज्यांची नदी अडसर होती त्यांच्या धर्मविचारात ते ओलांडणे झाले. हे उत्तर टिकत नाही. युरोपातील नदीकाठच्या लोकांनी जे संत आपलेसे केले ते प्रवाहाबरोबर जाणारे नाहीत, आडवे नेणारे आहेत. तेराव्या शतकात याकोबुस दे वोराजिने याने संतचरित्रांचा जो संग्रह केला त्यात क्रिस्तोफर हा धिप्पाड पुरुष वाटसरूंना खांद्यावर घेऊन नदी उतरवितो आणि एका रात्री एक लहान मूल खांद्यावर घेतल्यावर मध्यधारेत त्याला सगळ्या जगाचे ओझे जाणवते, कारण ते मूल ख्रिस्त असते. ज्युलियन हा दुसरा संत, नकळत आपल्याच मातापित्यांचा वध केलेला, प्रायश्चित्त म्हणून नदीकाठी धर्मशाळा घालतो आणि येईल त्याला पार करतो. ऱ्होन नदीवर आविन्यों येथे ११७७ ते ११८५ या काळात जो पूल झाला त्याचे श्रेय बेनेझे नावाच्या एका मेंढपाळ मुलाला दिले जाते आणि पुलासाठी त्याला संतपद मिळते. प्रवाहाबरोबर जाण्यासाठी होडी, पैसा आणि हंगाम यांची जुळवाजुळव पुरेशी असते आणि बाकीचे नदी करते. आडवे जाण्यासाठी मात्र दुसऱ्या माणसावाचून गत्यंतर नसते. धर्मविचाराला नदीत जे सापडले ते पाणी नव्हे, हे परस्वाधीनपण होते, आणि ते गोदावरीवर आणि ऱ्होनवर सारखेच सापडण्यासारखे होते. भूगोलाने शब्द पुरविले, विचाराला त्याने जन्म दिला असे म्हणता येत नाही.

हे परस्वाधीनपण पुराच्या पाण्यात होडी कशी घालतात ते पाहिले म्हणजे स्पष्ट होते. समोरचा घाट डोळ्यांना दिसत असतो, परंतु त्याच्याकडे तोंड करून सरळ सोडलेली होडी त्या घाटाला लागत नाही, धार तिला खाली ओढून नेते; म्हणून जाणता नावाडी होडी आधी आपल्याच काठाने पुष्कळ वरच्या अंगाला नेतो, जेथे काठालगत पाणी मंद असते तेथून बांबूने रेटीत पुढे सरकतो, आणि मग तोंड किंचित वर ठेवून ती धारेत घालतो, म्हणजे ती तिरकी वाहत वाहत नेमकी समोरच्या घाटाशी येऊन ठेपते. नवख्या उतारूला प्रथम वाटते की हा उलट्याच दिशेला निघाला आहे. गुरूवर विश्वास ठेवणे म्हणजे काय, याची चर्चा ग्रंथांत पुष्कळ आहे, पण मुक्कामाकडे पाठ फिरवून चाललेल्या होडीत मुकाट बसणे यापेक्षा तिची नेमकी प्रतिमा मिळणे कठीण.

परस्वाधीन माणसाकडून किती घ्यावे, हा प्रश्न अर्थातच राज्यकर्त्यांना आणि शास्त्रकारांना पडला. कौटिलीय अर्थशास्त्रात ‘नावध्यक्ष’ नावाच्या अधिकाऱ्याची कामे सांगितली आहेत. भलत्या वेळी आणि भलत्या जागी नदी उतरणाऱ्याला दंड आहे, ब्राह्मण, संन्यासी, मुले, वृद्ध, आजारी, राजाचे दूत आणि गरोदर स्त्रिया यांना मुद्रांकित परवान्यावर फुकट उतरता येते, आणि माणसे किंवा सामग्री अपुरी असल्यामुळे अथवा होडी नादुरुस्त असल्यामुळे बुडाली तर नुकसान याच अधिकाऱ्याने भरून द्यावयाचे आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात ‘तर’ म्हणजे उताराचे भाडे ठरवून दिले आहे: रिकाम्या गाडीला एक पण, पुरुषाच्या ओझ्याला अर्धा, जनावराला आणि स्त्रीला पाव, आणि रिकाम्या हाताने आलेल्या पुरुषाला त्याच्याही निम्मे, लांबच्या जलप्रवासाचे भाडे स्थळकाळ पाहून ठरवावे अशी एक ओळीची सूट देऊन शास्त्रकार पुन्हा उताराकडे वळतो. त्यानंतर येते ते कलम तत्त्वचिंतकाने थांबून वाचावे असे आहे. नावाड्यांच्या चुकीने माल बुडाला तर सर्व नावाड्यांनी मिळून तो भरून द्यावा. दैवाने बुडाला तर त्यांच्याकडे काही मागता येत नाही. चूक कोठे संपते आणि दैव कोठे सुरू होते हे मध्यधारेत कोण ठरविणार, याबद्दल स्मृतिकार बोलत नाही. बौद्धांच्या ‘ललितविस्तर’ या चरित्रग्रंथात तर स्वतः बुद्धाकडेच गंगेवरचा नावाडी भाडे मागतो, बुद्धाजवळ ते नसते, आणि ही हकिगत कानावर गेल्यावर बिंबिसार राजा सर्व संन्याशांना उताराचे भाडे माफ करतो. ज्याने सर्वांना पार करावयाचे तोच काठावर अडतो, या प्रसंगातील खोच आजही बोथट झालेली नाही.

मराठीत या साऱ्या व्यवहाराला धर्मविचारात पूर्णपणे उतरविले ते ज्ञानेश्वरीने. १२९० मध्ये सिद्ध झालेला आणि अखेरीस आपले स्थान गोदावरीच्या दक्षिण तीरी सांगणारा हा ग्रंथ सातव्या अध्यायात, माया दुस्तर आहे एवढ्याच अर्थाच्या गीतेतील श्लोकावर भाष्य करताना, ब्रह्मरूपी डोंगरातून निघालेल्या मायानदीचे दीर्घ रूपक रचतो, आणि त्यात ती ओलांडू पाहणाऱ्यांची साधने एकेक करून मोडीत काढतो. कोणी स्वतःच्या बुद्धीच्या बाहूंनी पोहू गेले त्यांचा पत्ता लागला नाही, कोणाला ज्ञानाच्या डोहात गर्वाने गिळले, आणि कोणी तीन वेदांची सांगड बांधली खरी, पण तिच्यावर अहंकाराचे धोंडेही लादले. सांगड म्हणजे दोन वाळलेले भोपळे किंवा दोन होड्या एकत्र बांधून केलेला तरंगता आधार; आज ‘सिद्धांत आणि व्यवहार यांची सांगड घालणे’ असे लिहिणाऱ्या प्राध्यापकाच्या हातून ती वस्तू निसटली असून केवळ गाठ उरली आहे. ‘कासेला लागणे’ हाही असाच वाक्प्रचार: पट्टीच्या पोहणाऱ्याच्या कमरेच्या कासोट्याला धरून न पोहणाऱ्याने पार होणे, ज्यात धरणाऱ्याने एकच गोष्ट करावयाची असते, ती म्हणजे हातपाय न मारणे. येथे भाडे नाही, मनुस्मृतीतील नुकसानभरपाई नाही, आणि म्हणून दावाही नाही.

या रूपकाचा शेवट असा होतो की जे सर्वभावाने ईश्वराला शरण गेले त्यांच्यासाठी मायेचे पाणी ऐलथडीवरच सरते. ते पलीकडे जात नाहीत, नदीच उरत नाही. पाली सुत्तांतील तराफ्याच्या प्रसिद्ध दृष्टान्ताशी हे ताडून पाहावे. तेथे पार झालेला माणूस कृतज्ञतेपोटी तराफा डोक्यावर घेऊन चालू लागला तर तो शहाणा नव्हे असे बुद्ध सांगतो. म्हणजे तेथे नदी खरी, पैलथड खरी, आणि टाकावयाचे ते साधन. ज्ञानेश्वरीत साधन टाकण्याची वेळच येत नाही. हा विचार केवळ काव्याची भरारी म्हणून सोडून देता येईल, परंतु जी नदी वैशाखात स्वतःच वाळूत विरत असे आणि जेथे आषाढात जीव मुठीत धरून बसावे लागे तेथून चैत्रात बैलगाडी कोरडी जात असे, त्या नदीच्या मुलखात पाणी ऐलथडीवरच सरण्याची कल्पना सुचावी, हे ऱ्हाईनच्या काठी सुचण्यापेक्षा अधिक स्वाभाविक वाटते. भूगोलाला वर नाकारलेला मान येथे थोडासा परत द्यावा लागतो. बासरच्या सरस्वतीची मूर्ती व्यासांनी याच नदीच्या वाळूची घडविली असे स्थलपुराण सांगते, आणि सीमेच्या दोन्ही बाजूंची मुले तेथे पहिले अक्षर गिरवितात. पाण्याचे तीर्थ वाळूचेही होऊ शकते, याला लोकांनी कधी हरकत घेतलेली नाही.

राहिला पुलाचा प्रश्न. युरोपात पूल बांधणे हे धर्मकृत्य होते, त्यासाठी देणगी देणाऱ्याला पापक्षालनाचे आश्वासन मिळे, आणि ११७६ मध्ये बांधावयास घेतलेल्या लंडनच्या दगडी पुलावर एक प्रार्थनागृहही होते. महाराष्ट्रात धर्मबुद्धीने नदीकाठी जे बांधले गेले ते बहुधा घाट होते. अहिल्याबाई होळकरांची आठवण भारतभरच्या घाटांनी राखली आहे. पूल माणसाला पाण्याच्या वरून नेतो आणि घाट त्याला पाण्यात नेतो, आणि तीर्थ या शब्दाच्या दोन अर्थांपैकी एकेक अर्थ जणू एकेका खंडाने उचलला, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु पावसाळ्यातील गोदावरीवर टिकणारा पूल बांधणे जुन्या साधनांनी जवळजवळ अशक्य होते आणि उन्हाळ्यात त्याची गरज नव्हती, हे व्यावहारिक कारणही विसरता कामा नये. शिवाय ‘सेतू’ या शब्दाचा मूळ अर्थ पूल हा नाहीच, तर बांध हा आहे. छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायात आत्म्याला सेतू म्हटले आहे ते या जुन्या अर्थाने: लोक एकमेकांत मिसळून जाऊ नयेत म्हणून त्यांना वेगळे धरणारा बांध, आणि तरीही जो ओलांडल्यावर आंधळ्याचे आंधळेपण जाते तो. वेगळे धरणारा आणि पार नेणारा असे दोन्ही एकाच शब्दात कसे बसते, यावर भाष्यकारांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे.

धर्माबाद तालुक्यात बाभळी येथे गोदावरीवर जो बंधारा आहे तो या जुन्या अर्थाने सेतूच म्हणावा लागेल. २.७४ टीएमसी, म्हणजे पावणेतीन अब्ज घनफुटांच्या आसपास पाणी धरणाऱ्या या बंधाऱ्यावरून, खाली असलेल्या श्रीरामसागर जलाशयाच्या हक्कासाठी, दोन राज्यांत जो वाद झाला त्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी दिला, आणि होड्यांची वाट अडविणाऱ्या बांधांविरुद्धच्या इंग्रजी सनदेतील कलमाचा हा दूरचा नातलगच, फरक इतकाच की येथे वाट पाण्याची स्वतःची होती. त्या निकालानुसार बंधाऱ्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे राहतात, २९ ऑक्टोबरला खाली येतात, आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडले जाते. अर्थशास्त्रात उताराच्या होड्या चालविण्याचा हंगाम दिला आहे तो आषाढी पौर्णिमेनंतरच्या आठवड्यापासून कार्तिकापर्यंतचा. त्याच चार महिन्यांत संन्याशाने चालणे थांबवून एका जागी राहावे असा चातुर्मासाचा नियम आहे. आणि जवळजवळ त्याच चार महिन्यांत, आषाढीच्या आगेमागे, दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांसमक्ष उचललेले बाभळीचे दरवाजे कार्तिकीच्या सुमारास पुन्हा खाली येईपर्यंत वर राहतात.